न वाजलेली शिट्टी

१

आकांक्षाच्या कानाचं मशीन गेलं ते नेमकं सुनावणीच्या आदल्या दिवशी, आणि गेलं तेही भरल्या वर्गातून. मधल्या सुट्टीत जालन्याच्या त्या शाळेत जो कालवा उठला, तो तृप्ती मॅडमना हसनाबादला बसून फोनवर स्वच्छ ऐकू आला. एका बाजूनं बाप ओरडत होता, दुसऱ्या बाजूनं शेठ, आणि मधे कोणीतरी बाई हमसून हमसून रडत होती.

"मॅडम, जल्दी या," आकांक्षाचा बाप मच्छिंद्र सांगत होता, "न्हाईतर आज हितं काय होईल त्याचा भरोसा न्हाई."

तृप्ती मॅडम म्हणजे सरकारच्या फिरत्या विशेष शिक्षिका. कमी दिसणारं, कमी ऐकू येणारं, चालता न येणारं मूल ज्या ज्या शाळेत असेल तिथं स्कूटीवरून जायचं, त्या मुलाला शिकवायचं, आणि त्याहून अवघड म्हणजे त्याच्या शिक्षकांना शिकवायचं, हे त्यांचं काम. जीभ तिखट, डोकं त्याहून तिखट. आठ वर्षांच्या आकांक्षाला भंवरलाल शेठच्या खासगी इंग्लिश शाळेत बसवलं ते त्यांनीच. कायद्यानं अशा शाळांत काही जागा राखीव असतात आणि फी सरकार भरतं. त्यातली एक जागा या पोरीला लागली, तेव्हा मॅडमनी आपल्या पदरचे पेढे वाटले होते.

पण शेठजींनी महिन्यापूर्वी शिक्षण खात्याला कळवलं की ही मुलगी आमच्या शाळेत टिकू शकत नाही, हिला संभाजीनगरच्या निवासी मूकबधिर शाळेत पाठवा. म्हणून उद्या सुनावणीला खात्याचे साहेब येणार होते. वर्गात बसून स्वतः बघणार होते. मिसनं विचारलेलं आकांक्षाला कळलं, तर जागा राहील. नाही कळलं, तर जागा गेली आणि आठ वर्षांची पोर वसतिगृहात गेली. मशीन कानामागं असेल तर तिला बरंचसं ऐकू येई. मशीन नसेल तर ढोल वाजला तरी कळत नसे. नवं मशीन मिळायचं तर पुढच्या सरकारी शिबिराची वाट बघावी लागली असती.

मशीन कोणी नेलं हा प्रश्न सगळे विचारत होते. ते आजच का गेलं, हा प्रश्न मॅडमना स्कूटी सुरू करता करता पडला.

२

शेठजींच्या खोलीत पाऊल टाकलं तर आत ही गर्दी. टेबलामागं स्वतः भंवरलाल शेठ, पांढराशुभ्र झब्बा, कपाळावर आठ्या. शेजारी आकांक्षाची वर्गशिक्षिका एकता मिस. ती शेठजींची सूनही होती, त्यामुळे सासऱ्यांसमोर बोलताना निम्मे शब्द गिळत होती. भिंतीला टेकून शाळेच्या मावशी उषाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मच्छिंद्र खोलीच्या मधोमध, मुठी आवळून. आणि दाराजवळच्या बाकावर त्याची बायको मोनाली, तिला बिलगून आकांक्षा.

"मॅडम, हमने सब देख लिया," शेठजी म्हणाले. "वर्ग बघितला, दप्तरं झाडली. मशीन नाही. सुट्टीच्या आधीच्या तासाला पोरं मैदानावर ड्रिलला होती. तेव्हा वर्गात कोण होतं? फक्त उषाबाई, झाडू मारायला. बराबर?"

"मायबाप, म्या हात बी लावला न्हाई," उषाबाई म्हणाल्या. "माझ्या काय कामाचं ते?"

मच्छिंद्र उसळला. "शेठ, गरिबावर कशाला ढकलून राह्यले? उद्या सुनावणी अन् आज मशीन गायब. पोरगी तुम्हाला नको हाय, हे अख्ख्या शाळेला माहीत हाय. गावाकडून, टेंभुर्णीहून माझी माणसं निघालीत. मंग बघू."

"आणू द्या माणसं. शाळा सुटेपर्यंत मशीन मिळालं नाही, तर मी उषाबाईला पोलिसांच्या ताब्यात देतो. उद्या साहेबांसमोर माझ्या शाळेवर बोट नको."

उषाबाईंचं रडणं एकदम थांबलं. पोलीस हा शब्द ऐकून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. विधवा बाई, या नोकरीवर दोन लेकरांचं पोट. इथून चोरीचा शिक्का घेऊन बाहेर पडल्या तर जालन्यात त्यांना कोण दारात उभं करणार होतं?

मॅडमनी आकांक्षाकडं पाहिलं. तिच्यासमोर वाकून, ओठ नीट हलवत विचारलं, "मशीन कुठं?"

पोरीनं आधी आईच्या तोंडाकडं पाहिलं. मग मान खाली घातली.

"शाळा सुटेपर्यंत वेळ आहे ना?" मॅडम म्हणाल्या. "मग तोवर कोणी कोणाला चोर म्हणायचं नाही. मला एकेकाशी बोलू द्या."

३

पहिली एकता मिस. रिकाम्या वर्गात समोरासमोर बसल्यावर तिचा घसा जरा मोकळा झाला.

"सकाळी मशीन होतं कानाला?" मॅडमनी विचारलं.

"होतं ना. रोज असतंच."

"तुम्ही पाहिलंत?"

"म्हणजे... हो. आज तर किती गोड दिसत होती. तिच्या आईनं वेण्या अशा कानांवरून फुगवून घातल्या होत्या, लाल रिबिनी लावून. मी म्हटलंसुद्धा, आज काय बर्थडे आहे का."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. हसली."

मॅडमनी त्या वेण्या मनात टिपून ठेवल्या. मग म्हणाल्या, "ड्रिलला जाताना मशीन काढते का ती?"

"काढते. घाम येतो म्हणून. दप्तरात टाकते आणि जाते. आणि मग ते दप्तरात शिट्टी मारत बसतं. कानाबाहेर काढलं की चूं करून वाजतं ना ते. पोरं हसतात, हिला पत्ताच नसतो."

पत्ता कसा असणार, मॅडमच्या मनात आलं. मशीन कानाबाहेर काढून चालूच ठेवलं की बारीक शिट्टी मारतं. ती शिट्टी वर्गाला ऐकू येते, फक्त ज्या पोरीचं मशीन तिला येत नाही. म्हणून बंद करायला त्यांनी तिला कितीदा शिकवलं, पण पोरगी दर वेळी विसरायची.

"बंद कसं करतात, तुम्हाला माहीत आहे?"

एकता गोंधळली. "बंद? बटण असेल ना मागं. रात्री चार्जिंगला लावताना करत असतील."

मॅडमनी तिच्याकडं टक लावून पाहिलं. त्या मशीनला ना बटण होतं, ना चार्जिंग. आत वाटाण्याएवढा सेल असतो. त्याचं इवलंसं दार नखानं उघडलं की मशीन बंद. वर्ष होत आलं होतं आणि मिसला एवढंही ठाऊक नव्हतं. मॅडमना राग आला. पण त्याबरोबर हेही कळलं की मशीन हिनं नेलेलं नाही. हिनं नेलं असतं तर ते आत्ता हिच्या पर्समध्ये शिट्टी मारत बसलं असतं.

४

उषाबाईंना मॅडमनी एकच गोष्ट विचारली. ड्रिलच्या वेळी वर्ग झाडताना काही आवाज आला का?

"कशाचा आवाज? बिलकुल सामसूम. पंखे बी बंद व्हते."

"मशीनची शिट्टी?"

"न्हाई बाई. ती वाजली असती तर मला कळली असती. मागल्या महिन्यात वाजली तवा मी किती भ्याले. दप्तरात काय जिवंत हाय म्हणून बघितलं, तर ते मशीन. बंद कसं करावं कळंना. पदरात गुंडाळलं तरी वाजतंच. तसंच वाजत वाजत शेठच्या हापिसापर्यंत घेऊन गेल्ते. सगळे वर्ग बाहेर आले बघायला."

ती वरात मॅडमना ठाऊक होती. शाळेत आठवडाभर तिच्यावर हशा चालला होता. हीच बाई आज मशीन चोरून, गपचूप बंद करून लपवेल, हे कोणी शपथेवर सांगितलं तरी पटण्यासारखं नव्हतं.

"अजून एक. सुट्टीत सगळ्यांत आधी कोणाच्या लक्षात आलं?"

"मोनालीबाईच्या. रोजच्यासारखा गरम डबा घेऊन आल्ती. वर्गात आली, पोरीची येणी वर उचलली अन् मिसला म्हटली, हिचं मशीन कुठंय."

"आल्या आल्या वेणीच उचलली?"

"हां. डबा बी खाली ठिवला न्हाई."

राहिले शेठजी. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "शेठजी, मशीन गेल्याचा फायदा तुम्हाला आहे."

शेठजी रागावतील असं वाटलं होतं. ते उलट थकल्यासारखे हसले.

"कसला फायदा? मॅडम, मशीन घालूनही ती मुलगी वर्गात बोलत नाही. मी तीन वेळा मागं बसून बघितलं. एक शब्द नाही. उद्या साहेब मशीनसकट बघणार होते आणि मी जिंकणारच होतो. मग चोरी करून मी माझ्याच शाळेची बदनामी कशाला करू? धंद्यात एवढी अक्कल तर शिकलोय."

हे बोलणं सरळ होतं आणि पटणारंही होतं. पण एक वाक्य मॅडमच्या काळजात रुतून बसलं. मशीन घालूनही बोलत नाही. आकांक्षा त्यांच्याशी तर बडबड करायची. तोडकंमोडकं का होईना, कान किटेपर्यंत.

त्या पुन्हा वर्गात जाऊन एकट्याच उभ्या राहिल्या. दारं लावली, पंखे बंद केले, श्वास धरून ऐकलं. कुठूनही चूं नाही. ना कपाटातून, ना खिडकीखालून. खाली उषाबाईंचं चंबूगबाळं शेठजींनी उचकटून ठेवलं होतं, तिथंही शांतता. बाहेर फाटकाजवळ एक जीप येऊन थांबली होती आणि त्यातून टेंभुर्णीची माणसं उतरत होती.

शिट्टी कुठंच वाजली नव्हती. तिघांपैकी कोणालाही ती बंद करता येत नव्हती. आणि कानांवरून फुगवलेल्या वेण्या. मॅडम मोनालीला शोधायला निघाल्या.

५

मोनाली पाण्याच्या टाकीजवळ आकांक्षाचं तोंड धूत होती. मॅडम जाऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"मोनाली, मशीनवर केस घासले की काय होतं गं?"

"खरखर होती. पोरीचं डोकं दुखतं," मोनाली नकळत म्हणाली.

"म्हणून तू तिच्या वेण्या रोज कानामागून घट्ट ओढून घालतेस. वर्षभरात मी एकदाही केस कानावर आलेले पाहिले नाहीत. मग आज का आणलेस?"

मोनालीचा हात पाण्यात तसाच राहिला.

"मी सांगते," मॅडम हळूच म्हणाल्या. "आज मशीन दप्तरात असतं, तर पोरं ड्रिलला गेल्यावर वाजलं असतं. वाजलं नाही. उषाबाईंनी नेलं असतं, तर वाजत गेलं असतं. मिसला ते बंद करता येत नाही, शेठजींना तर त्यात सेल असतो हेही ठाऊक नसेल. या शाळेत ते गप्प करू शकेल असं कोणी नाही. म्हणजे आज ते शाळेत आलंच नाही. कान रिकामा आहे हे पटकन दिसू नये म्हणून वेण्या खाली आल्या. आणि तुला आत काय आहे ते माहीत होतं, म्हणून तू आल्या आल्या वेणी उचललीस. कुठं आहे मशीन?"

"घरी. डब्यात. सेल काढून ठिवलाय." मोनाली खाली बसली, ओल्या फरशीवरच.

"उद्या सुनावणी आहे. का केलंस असं?"

"चोरी न्हाई केली मॅडम. मला बघायचं व्हतं." तिचा आवाज फुटला. "रोज डबा घेऊन येते तवा खिडकीतून बघते. मिस एकेकाला उठवून विचारती. हिची पाळी आली की पुढच्या पोराकडं जाती. रोज. म्या यांना सांगितलं, तर हे म्हणले मोठी शाळा हाय, गप ऱ्हा. तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणल्या, हळूहळू होईल."

मॅडमना ते आठवलं. घाईत होत्या, स्कूटीवर बसल्या बसल्याच म्हणाल्या होत्या. त्यांना तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"मंग म्हटलं, एक दिवस मशीन घालायचंच न्हाई. केस वर ठिवले तर रिकामा कान कोणाला बी दिसंल, त्यात काय कळणार. बोलल्यावर कळतंय का, ते बघायचं व्हतं. एकानं जरी विचारलं असतं, पोरी तुझं मशीन कुठंय, तर मी त्याच पायी घरी पळत जाऊन आणलं असतं. पण सकाळपासून माझी लेक काहीच ऐकू येत न्हाई अशी बसली व्हती, अन् एकाला बी कळलं न्हाई. म्या मिसला विचारलं, हिचं मशीन कुठंय. तर मिस म्हणती, होतं ना, सकाळपासून होतं. तिथंच माझं डोकं फिरलं. पुढं उषाबाईचं नाव आलं, हे आले, अन् मंग माझी हिंमतच झाली न्हाई." तिनं आकांक्षाला जवळ ओढलं. "उद्या काय निकाल लागायचा तो लागू द्या. म्या हिला आता हितं आणणार न्हाई. अन् त्या वसतिगृहात बी धाडणार न्हाई. घरी ठिवीन."

फाटकावरचा आरडाओरडा आता मैदानापर्यंत आला होता. मॅडमपुढं दोनच वाटा होत्या. गप्प राहिलं तर उषाबाई पोलिसात. बोललं तर उद्या शेठजी म्हणणार की आईच खोटारडी, आणि पोरीची जागा गेली.

त्या काही ठरवण्याआधीच मोनाली उठली. पदर खोचला आणि पोरीचा हात धरून शेठजींच्या खोलीकडं चालू लागली.

६

मोनालीनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, पोरीला आता घरीच ठेवीन हेही. उषाबाईंच्या पायाला हात लावला. उषाबाई तिला उठवत म्हणाल्या, "असू दे माय, तुझं लेकरू हाय," आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. मच्छिंद्र बायकोवर ओरडायला म्हणून तोंड उघडत होता. मग त्यानं लेकीकडं पाहिलं आणि खुर्ची ओढून गपकन बसला. थोड्या वेळानं उठून गेला आणि आपल्या माणसांना जीपमध्ये बसवून परत पाठवून आला.

शेठजींनी मात्र टेबलावर टिचकी मारली. "अब सुनावणी में क्या बचा? उद्या साहेबांना हेच सांगतो."

एकता मिस कोपऱ्यात उभी होती. ती आकांक्षाच्या फुगवलेल्या वेण्यांकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वर्गात मागं खुर्च्या मांडल्या होत्या. आकांक्षाच्या कानामागं मशीन होतं, केस नेहमीसारखे घट्ट मागं ओढलेले. शेठजींनी कालची हकिगत सांगितली, जराही तिखटमीठ न लावता. त्याची गरजच नव्हती. मोनाली दारात मान खाली घालून ऐकत होती.

"मिस, तुमचा अनुभव काय?" साहेबांनी विचारलं. "मशीन असताना मुलगी उत्तरं देते का?"

एवढं 'नाही' म्हटलं की संपलं असतं. सासरे समोर होते, शाळा सासऱ्यांची होती. एकता उठून उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मला माहीत नाही साहेब," ती म्हणाली. "मी तिला विचारतच नाही. वेळ जातो म्हणून मी तिची पाळी सोडून देते. काल ती सकाळपासून मशीनशिवाय माझ्यासमोर बसली होती, मी तिच्याशी बोललेसुद्धा, आणि मला कळलं नाही. मशीन होतं असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खोटं होतं. त्यापायी उषाबाई पोलिसात गेल्या असत्या. हे लिहून घ्या."

"एकता," शेठजी म्हणाले.

"खरं आहे ते, पप्पाजी."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग आज विचारा," ते म्हणाले.

एकता आकांक्षासमोर जाऊन गुडघ्यावर बसली. काय विचारावं हे तिला सुचेना, कारण या मुलीला काय येतं हेच तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं हळू, स्पष्ट विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण आहे?"

आकांक्षानं सवयीनं आईकडं पाहिलं. मोनालीनं मुद्दाम तोंड दुसरीकडं फिरवलं. पोरीनं मग मिसच्या ओठांकडं पाहिलं, विचार केला, आणि जाड, घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई. पप्पा. आजी. शेळी."

पोरं हसली. आकांक्षानं त्यांच्याकडं वळून पाहिलं आणि तीही हसली. मग तिनं मिसच्या छातीकडं बोट केलं. "तुझ्या घरी?"

एकताच्या डोळ्यांतून टपकन पाणी आलं. तिनं वळून शेठजींकडं बोट दाखवलं. "हे आहेत," ती म्हणाली.

आकांक्षानं शेठजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पटल्यासारखी मान हलवली. शेठजींनी रुमाल काढून कपाळ पुसलं.

साहेबांनी जागा कायम ठेवली. तृप्ती मॅडमनी आठवड्यातून दोनदा यायचं आणि आधी मिसला शिकवायचं, असं त्यांनी ठरवून दिलं. मॅडमनी मान खाली घालून होकार दिला.

सगळे पांगल्यावर एकता मोनालीजवळ येऊन उभी राहिली.

मोनालीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. काल घरी ठेवीन म्हणाली होती, ते तिला आठवत होतं, आणि एकतालाही.

"मिस," ती म्हणाली, "उद्या आणते हिला."